मापावरची शीग

मुंबईहून पुण्याकडे येतांना घाट चढून लोणावळें मागें पडलें म्हणजे सह्याद्रीच्या रांगा हळूहळू दूर सरूं लागतात आणि भाताच्या खाचरांचा मावळ प्रांत सुरू होतो. उत्तरेस इंद्रायणीचें खोरें आणि दक्षिणेस पवनेचें. या पवनेच्या बाजूस, सोमाटण्याच्या शेजारीं, परंदवडी नांवाचें एक गांव आहे. इतिहासाच्या मोठमोठ्या ग्रंथांच्या सूचींत त्याचें नांव शोधणारा बहुधा रिकाम्या हातानें परत येईल. परंतु या गांवाभोंवतीं तीन-चार कोसांचें वर्तुळ काढलें तर त्यांत तुकारामबोवांचें देहू येतें, सेनापति दाभाड्यांचें तळेगांव येतें आणि इंग्रजांनीं जेथें हार कबूल केली तें वडगांवही येतें. वर्तुळ आणखी थोडें वाढविलें कीं खुद्द पुणें त्यांत सांपडतें. एवढ्याशा या भूभागांत गेल्या चारशें वर्षांत एका प्रश्नाचा खल पुन्हां पुन्हां झालेला दिसतो. माणसाला पुरे किती, आणि तें ठरवावयाचें कोणीं, हा तो प्रश्न होय.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडते. परंतु ही म्हण मिळकतीएवढा सगळा खर्च करण्यास मोकळीक देते. अंथरूण संपेपर्यंत पाय पसरले तरी ती हरकत घेत नाहीं. आमचा आजचा विषय याच्या एक पाऊल पुढचा आहे. अंथरुणाचा थोडा भाग मुद्दाम मोकळा ठेवावयाचा आणि तरीही स्वस्थ झोंप यावयाची, हें कसें साधतें? धान्य मापतांना पायलीच्या कांठावर दाण्यांची जी निमुळती रास चढते तिला शीग म्हणतात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. कांठापर्यंतचें माप तें आपलें, वरची शीग आपली नव्हे, अशी ज्याच्या मनाची ठेवण झाली तो आपल्या ऐपतीहून कमी खर्चांत राहूनही समाधानी असतो. या वृत्तीची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस येथें तिचा इतिहास पाहावयाचा आहे; आणि तो इतिहास सर्वस्वीं गोड आहे असें मात्र नाहीं.

आरंभ देहूपासून करूं. तुकारामबोवांचें घराणें मुळांत दरिद्री होतें असा पुष्कळांचा समज असतो, परंतु तो बरोबर नाहीं. घरांत पेठेची महाजनकी होती, व्यापार होता, सावकारीही होती. इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर जो भयंकर दुष्काळ कोसळला त्यांत हा व्यापार बसला आणि पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावांचून गेली. यानंतरची एक हकीकत अठराव्या शतकांतील संतचरित्रकार महिपति यानें लिहून ठेविली आहे. लोकांकडून येणें असलेल्या रकमांचीं खतें तुकोबांनीं बाहेर काढलीं व त्यांचे दोन वांटे केले. एक वांटा धाकटा भाऊ कान्होबा याच्या स्वाधीन केला आणि आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडवून टाकलीं.

ही कथा कीर्तनांतून आपण इतक्या वेळां ऐकलेली असते कीं तिच्यांतील व्यवहार आपल्या नजरेंतून निसटतो. तुकोबांनीं बुडविलें तें लोकांचें देणें नव्हे, स्वतःचें येणें होय. म्हणजे त्यांनीं दुसऱ्या कोणाचें नुकसान केलें नाहीं. ज्या मिळकतीवर आपला हक्क होता तीच सोडली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. भावाच्या वांट्यास त्यांनीं हात लावला नाहीं. आपल्याला विरक्ति आली म्हणून कान्होबानेंही विरक्त व्हावें, असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं. त्याग करावयाचा तो आपल्या मापांतून, दुसऱ्याच्या मापांतून नव्हे, हा विवेक त्या एका वांटणींत स्पष्ट दिसतो.

परंतु येथेंच एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणें बरें नव्हे. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई हिला लोककथांनीं कजाग ठरविलें आहे. दुष्काळानंतरच्या त्या घरांत मुलांच्या तोंडीं घास घालण्याचें काम कोणाकडे होतें, हें त्या कथा सांगतांना आपण विसरतों. डोंगरावर ध्यानस्थ बसलेल्या नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन जाणारीही तीच होती, असें परंपराच सांगते. भावाचा वांटा निराळा काढतां आला. पत्नीचा वांटा निराळा काढण्याची रीत त्या काळीं नव्हती. म्हणून इंद्रायणींत बुडालेल्या खतांत कांहीं भाग जिजाईचाही होता असें आम्हांस वाटतें. तुकोबांच्या थोरवीस यानें उणेपणा येत नाहीं. मात्र त्या थोरवीची किंमत कोणी कोणी दिली याचा हिशेब मांडतांना तिचें नांव गाळूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

देहूनंतर पुण्याच्या दरबाराकडे वळूं. तुकोबांनंतर शंभर वर्षांच्या आंतच मराठ्यांचीं घोडीं माळवा व गुजराथ तुडवूं लागलीं. आतां पैशाची वाण कशाला पडेल असें कोणासही वाटावें. प्रत्यक्षांत पहिला बाजीराव कर्जांत पुरता बुडालेला होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस त्यानें लिहिलेल्या पत्रांतून ही स्थिति उघड दिसते. सावकारांच्या व शिलेदारांच्या पायां पडतां पडतां कपाळाचें कातडें झिजलें, अशा आशयाचे उद्गार या अजिंक्य सेनानायकाच्या लेखणींतून बाहेर पडले आहेत. ज्याच्यापुढें निजामास माघार घ्यावी लागली तो पुरुष आपल्या धनकोंपुढें मान वर करूं शकत नव्हता. त्याचें कर्ज चैनीचें नव्हतें, मोहिमांचें होतें, हें खरें. तथापि कर्जाचें कारण थोर असलें म्हणून सावकाराचा तगादा सौम्य होत नाहीं.

या कर्जाचा वारसा पुढच्या पिढ्यांकडे चालत आला. थोरले माधवराव पेशवे सत्तावीस वर्षांचें आयुष्य भोगून १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले. शेवटच्या आजारांत त्यांनीं जी निरवानिरव केली तींत राज्यावरील कर्ज फेडण्याची ताकीद होती. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या तरुण राज्यकर्त्यास आपल्या मागें देणें राहूं नये याची एवढी तळमळ लागावी, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कोणत्याही विजयाइतकीच मोलाची वाटते.

याच दरबारांत एक मनुष्य असा होता कीं ज्यास कोणाचें कांहींच देणें नव्हतें. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्याविषयीं ग्रँट डफनें लिहून ठेविलें आहे कीं, एका दिवसाच्या खर्चास पुरेल त्याहून अधिक सामग्री घरांत ठेवावयाची नाहीं असा त्यांचा नियम होता. हा नियम निवळ साधेपणाच्या हौसेचा असता तर इतिहासानें त्याची एवढी दखल घेतली नसती. त्याची खरी कसोटी ३० ऑगस्ट १७७३ नंतर लागली. त्या दिवशीं शनवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनीं प्रायश्चित्त विचारलें तेव्हां देहान्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें शास्त्रीबोवांनीं त्यांच्या तोंडावर सांगितलें, आणि पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

असें उत्तर देण्यास धैर्य लागतें हें तर उघडच आहे. परंतु धैर्याच्या पाठीमागें घरची व्यवस्थाही असावी लागते. ज्याचा वाडा, पालखी, नोकरचाकर व लेकीसुनांचे दागिने दरमहाच्या नेमणुकीवर उभे आहेत, त्यास तसें उत्तर सुचलें तरी ओठांबाहेर पडणें कठीण. रामशास्त्र्यांस पुण्याहून निघतांना फारसें मागें सोडावयाचें नव्हतें. थोडक्यांत भागविण्याचा पहिला लाभ हा असा आहे. त्यानें पैसा सांठतोच असें नाहीं. पण नाहीं म्हणण्याची शक्ति मात्र सांठत जाते.

गरजा फार वाढल्या म्हणजे माणसाप्रमाणेंच सैन्याचीही चाल कशी खुंटते, याचा दाखला परंदवडीच्या अगदीं दाराशीं घडला. रघुनाथरावांस गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस घाट चढून मावळांत उतरली. लढणारी माणसें सुमारें ३९००, आणि त्यांच्याबरोबर ओझ्याचे बैल एकोणीस हजारांवर! हें लटांबर दिवसाकाठीं कोसभर सरकलें तरी पुष्कळ झालें असें मानी. जानेवारी १७७९ मध्यें ही फौज तळेगांवास पोंचली तेव्हां मराठ्यांनीं पुढील मुलुखांतील दाणावैरण नाहींशी केलेली होती. अखेर जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत ढकलून व सामान जाळून इंग्रज रात्रींच मागें फिरले, आणि वडगांवास त्यांना तह करावा लागला.

मराठ्यांचा हा विजय सांगतांना आपल्याला अभिमान वाटतो व तो वाटावा हें योग्यच आहे. परंतु शत्रूची उपासमार करण्याकरितां जी वैरण जळाली ती कोणाची होती? ती याच खोऱ्यांतल्या कुणब्यांची होती. लढाईचा निकाल वडगांवास लागला आणि कणग्या आसपासच्या गांवांतल्या रिकाम्या झाल्या. दुसऱ्यानें आपल्या वतीनें केलेली काटकसर किती जड जाते हें मावळच्या रयतेस त्या वर्षीं पुरतें कळलें असेल.

हीच गोष्ट पुढें शंभर वर्षांनीं अधिक उघड्या स्वरूपांत समोर आली. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. सरकारनें पाहणीसाठीं पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं मद्रास इलाख्यांत असें ठरविलें कीं, दुष्काळी कामावरील मजुरास रोजचें एक पौंड धान्य, म्हणजे सुमारें अर्धा शेर, व वर किरकोळ खर्चास थोडकी रक्कम एवढें पुरे आहे. दिवसभर खडी फोडणाऱ्या मनुष्याचें हें माप! मद्रासेंतील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास हरकत घेतली आणि तेथें तें प्रमाण पुढें वाढवावें लागलें. इकडे मुंबई इलाख्यांतही मजुरी कमी झाली तेव्हां हजारों मजुरांनीं सरकारी कामें सोडलीं. उपाशी माणसांनीं काम सोडावें, हा प्रकार अधिकाऱ्यांस हटवादीपणाचा वाटला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मात्र ठिकठिकाणची माहिती गोळा करून या लोकांची बाजू सरकारपुढें मांडली.

टेंपलसाहेबांचें अर्धा शेर आणि रामशास्त्र्यांचा एका दिवसाचा शिधा यांत आंकड्यांचें अंतर कदाचित् फार नसेल. तरीही एकास आपण अन्याय म्हणतों आणि दुसऱ्यास वंदन करतों. दोहोंत फरक आहे तो ठरविणाऱ्याचा. स्वतःचें माप स्वतः आंखणें हा संतोष. दुसऱ्याचें माप आपण आंखून देणें हा जुलूम. ज्याच्या पायलींत कांठापर्यंतच धान्य पोंचत नाहीं त्यास शीग बाजूला काढण्याचा उपदेश करणें हें क्रौर्य आहे. समाधानाचा गौरव करणाऱ्या आपल्याकडील पुष्कळ लेखनांत हा भेद राखला गेलेला नाहीं, म्हणून तो येथें मुद्दाम नोंदवावा लागत आहे.

सार्वजनिक सभेच्या त्याच पुण्यांत थोड्याच वर्षांनीं कांहीं सुशिक्षित तरुणांनीं आपलें माप आपल्या हातांनीं लहान केलें. १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. या मंडळींत गोपाळ गणेश आगरकर होते. कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवीं जन्मलेल्या या मुलानें अत्यंत हालअपेष्टांत शिक्षण केलें होतें. आतां एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी लागेल व घरचे पांग फिटतील, अशी आईची स्वाभाविक अपेक्षा. तिला त्यांनीं पत्रानें कळविलें कीं, आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानणार असून बाकीचा वेळ परहितांत घालविणार आहों. तें पत्र आज महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. तें वाचून त्या माउलीस काय वाटलें असेल, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

पुढें याच संस्थेंत आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचें शिक्षणही असेंच दुसऱ्याच्या काटकसरीवर झालेलें होतें. १८७९ सालीं वडील वारले तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरास धाकट्या भावास पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत कुटुंब चालवीत. अर्ध्याहून अधिक मिळकत ज्यानें वर्षानुवर्षें शीग म्हणून बाजूस काढली, त्या गोविंदरावांचें नांव आज कोणत्याही चौकास दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु राजकीय अर्थशास्त्रावर व सरकारी अंदाजपत्रकावर गोखले पुढें जें अधिकारानें बोलले, त्या अधिकाराचा पाया त्या सात रुपयांच्या संसारांत घातला गेला होता.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं थोड्या वेतनावर काम करावें हें सर्वांस मान्य होतें. पुढें तें वेतन मासिक पंचाहत्तर रुपये झालें व गोखल्यांनीं त्यावरच तेथील सेवा पुरी केली. सरकारी कॉलेजांतील युरोपियन प्राध्यापकाच्या पगारापुढें ही रक्कम क्षुल्लकच होती. परंतु थोडें म्हणजे किती, यावर या त्यागी मंडळींत तीव्र मतभेद उत्पन्न झाला. बाळ गंगाधर टिळकांचें म्हणणें असें कीं, सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा आणि बाहेर कोणतेंही अर्थार्जन करूं नये. त्यागाचें तत्त्व एकदां सैल केलें कीं संस्थेचा आत्माच गेला. आगरकरांच्या बाजूचें म्हणणें असें कीं, संसार असलेल्या माणसाच्या गरजा वाढतात, तेव्हां वेतनांत थोडी वाढ व्हावी. आणि संस्थेचें काम चोख करून उरल्या वेळांत कोणी कांहीं मिळविलें तर त्यांत पाप नाहीं. पुढें गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें त्यावरूनही वाद झाला. सामाजिक सुधारणेविषयींचे मतभेद होतेच. त्यांत ही भर पडली, आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेंतून बाहेर पडले.

हा इतिहास सांगतांना आपल्याकडे दोन पक्ष पडतात आणि प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर दोष ठेवून मोकळा होतो. आम्हांस दोहोंच्याही म्हणण्यांत तथ्य दिसतें. टिळकांचा मुद्दा संस्थेच्या दृष्टीनें खरा होता. सर्वांनीं मिळून आंखलेली रेघ एकेकानें पुढें ढकलूं नये. आगरकरांचा मुद्दा घराच्या दृष्टीनें खरा होता. दम्यानें जर्जर झालेल्या, मुलेंबाळें असलेल्या गृहस्थाचें माप दुसऱ्या सशक्त गृहस्थानें ठरवावें हें न्याय्य नव्हे. बाहेर पडल्यावर खुद्द टिळकांसही कायद्याचे वर्ग चालवून चरितार्थ चालवावा लागला, आणि त्यांत कमीपणा कांहींच नव्हता. आगरकर १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं वारले. आपल्या अंत्यविधीपुरती रक्कम त्यांनीं आधींच पुडींत बांधून उशाशीं ठेविली होती असें सांगतात. एकाच वेळीं इतके निःस्वार्थी असलेले दोन मित्र पुरे किती या एका प्रश्नावर एकमत होऊं शकले नाहींत, यावरूनच तो प्रश्न किती अवघड आहे हें कळून येईल.

त्या प्रश्नाची घरांतली बाजू प्रथम स्पष्ट शब्दांत लिहिली गेली ती एका स्त्रीकडून. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत, १८९६ सालीं स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं पैसा जमवीत, आणि आश्रम हिंगण्यास गेल्यावर तेथून पुण्यास पायीं ये-जा करीत. आपली शिल्लक तर त्यांनीं आश्रमास दिलीच, पण विम्याची पॉलिसीही त्याच्या नांवें करून टाकली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई उर्फ बाया यांचें ‘माझे पुराण’ हें आत्मचरित्र १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें. पतीच्या कार्याविषयीं बायांस अभिमान नव्हता असें नाहीं. त्या स्वतः विधवाविवाहाचें सर्व लोकापवाद सोसून उभ्या राहिलेल्या होत्या. परंतु नवऱ्यानें सर्वस्व संस्थेस दिल्यावर मुलांच्या पोटाची व शिक्षणाची तजवीज कशी करावी लागली हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. जिजाईस जें लिहितां आलें नाहीं तें तीनशें वर्षांनीं बायांनीं लिहिलें असें आम्ही समजतों. साधेपणा जर घराचा असेल तर तो घरांतल्या सर्वांनीं मिळून ठरविलेला असावा, हा धडा थोर पुरुषांच्या चरित्रांपेक्षां त्यांच्या घरच्या बायकांच्या चरित्रांतच अधिक स्वच्छ वाचावयास मिळतो.

आतां पुन्हां मावळांत, तळेगांवास येऊं. बाजूस काढलेल्या शिगेचें पुढें काय होतें, याचें उत्तर तेथें आहे. अंताजी दामोदर काळे नांवाच्या एका मनुष्याच्या मनानें असें घेतलें कीं, प्रत्येकानें वर्षाकांठीं एक पैसा दिला तर त्या निधींतून देशांत कारखाने काढतां येतील. त्या वेळीं रुपयाचे चौसष्ट पैसे होते. म्हणजे एक लाख माणसांनीं एकेक पैसा दिला तरी हातीं येणार पंधराशें साडेबासष्ट रुपये! शहाण्या माणसांस ही कल्पना हास्यास्पद वाटली तर नवल नाहीं. परंतु काळे गांवोगांव हिंडले, टिळकांनीं पाठिंबा दिला, आणि पैसा फंडाच्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिका येथें जाऊन विद्या संपादून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें प्रथम काम हातीं घेतलें. तळेगांवास शिकून तयार झालेले कारागीर पुढें देशाच्या निरनिराळ्या भागांतील कांचकारखान्यांत गेले.

या उद्योगांत आम्हांस दोन गोष्टी विशेष वाटतात. एक अशी कीं, पैसा फंडानें कोणाच्याही मापास धक्का लावला नाहीं. वर्षाला एक पैसा ही मजुराच्याही पायलीवरची शीग होती. ती देऊन कोणाची चूल थंड पडली नाहीं. दुसरी अशी कीं, देणारास आपला पैसा कोठें गेला हें दिसत होतें. तळेगांवच्या भट्टींतून निघालेली कंदिलाची चिमणी हातीं घेऊन मावळांतला एखादा शेतकरी म्हणूं शकत होता कीं हींत माझाही पैसा आहे. नुसतें कमी खर्चणें हें पुष्कळदां मनाचा संकोच करतें. कंजूष मनुष्यही कमीच खर्चतो, पण तो समाधानी असल्याचें कोणी ऐकलें नाहीं. उरलेल्यास जावयास कांहीं ठिकाण असलें म्हणजे उरविण्याचा आनंद होतो. गोविंदरावांच्या आठ रुपयांस ठिकाण होतें, कर्व्यांच्या शिलकेस होतें, आणि लाखों निनांवी पैशांसही होतें.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मावळचें रूप झपाट्यानें पालटलें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, तळेगांवाजवळ कारखान्यांची वसाहत वाढली, परंदवडीच्या शेजारच्या गहुंज्यास २०१२ सालीं क्रिकेटचें भव्य क्रीडांगण सुरू झालें, आणि पुष्कळ ठिकाणीं खाचरांच्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. या पालटानें दोन प्रकारचीं घरें समोरासमोर आणलीं. एक जमीन विकून एकदम पैसा हातीं आलेलें, आणि दुसरें त्याच जमिनीवरच्या सदनिकेसाठीं वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेलें. पहिल्याची शीग एकाच दिवसांत आली आणि मापच उरलें नाहीं. दुसऱ्याचें माप दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांतच रितें होतें. दोन्हीं घरें वरून सुखवस्तु दिसतात. रामशास्त्र्यांनीं दिलें तसें उत्तर देण्याची पाळी उद्यां आलीच, तर तें देण्याइतकी मोकळीक या दोहोंपैकीं कोणत्या घरांत आहे, हें ज्याचें त्यानेंच पाहावें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या पायलींत आज कांठापर्यंत धान्य आहे असें आम्ही धरून चालतों. त्यांना या इतिहासांतून घेण्यासारखें फार थोडें पण निश्चित असें कांहीं आहे. आपलें माप शेजाऱ्याकडे, दुकानदाराकडे वा पतपेढीकडे आंखावयास देऊं नये. तें घरांतल्या सर्वांनीं, विशेषतः ज्यांच्या हातून घर चालतें त्यांनीं, एकत्र बसून ठरवावें. ज्याच्या मापांत उणें आहे त्यास संतोषाचें व्याख्यान देऊं नये, त्याचें माप भरण्यास मदत करावी. आणि वरची शीग कोठें जावयाची हें आधींच ठरवून ठेवावें. मग ती भावाच्या शिक्षणास जावो, गांवच्या शाळेस जावो, कीं एखाद्या पडत्या काळासाठीं कणगींत राहो.

भाताचीं कामें उरकल्यावर मावळांत अजूनही सुगीचे दिवस येतात. वडगांवच्या संशोधन केंद्रांतून निघालेला इंद्रायणी तांदूळ आतां दूरदूरच्या बाजारांत जातो, आणि पायलीची जागा वजनकांट्यानें घेतली आहे. कांट्यावर शीग चढत नाहीं. जेवढें वजन तेवढें तें अचूक सांगतो. म्हणून कांठ कोठें संपतो आणि शीग कोठें सुरू होते हें ओळखण्याचें काम आतां ज्याच्या त्याच्याकडे आलें आहे.